जुना गेमचा डबा घ्यावा का?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

दुपारची भांडी उरकली असतील. कुणी डाळ निवडत बसली असेल, कुणी शेळ्यांमागं जाताना रेडिओ कमरेला बांधून गेली असेल. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. हसा, आम्हीही हसलो होतो. टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेमचा डबा असतो ना, पोरं ज्याला कन्सोल म्हणतात, तो जुना, कुणीतरी वापरलेला विकत घ्यावा का, यावर आज बोलायचं आहे.

आमच्या एका गटाच्या सोमवारच्या बैठकीत हा विषय निघाला. बचत गोळा झाली, हप्ते झाले, आणि कर्जमागणीच्या वेळी एक ताई म्हणाली, "मला बारा हजार पाहिजेत." कशाला विचारलं तर म्हणाली, "पोराच्या गेमला." आधी सगळ्या गप्प झाल्या, मग हशा पिकला. हिशेब लिहिणाऱ्या काकू म्हणाल्या, "अगं, म्हशीला माग, शिलाई मशीनला माग. गेमला कर्ज देऊन रजिस्टरात कारण काय लिहू मी? उद्या कुणी पतंगाला मागंल."

ताई हसली नाही. तिनं जे सांगितलं ते तोवर तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. पोरगा नववीत. लॉकडाऊनमध्ये अभ्यासासाठी फोन हातात दिला तो तसाच राहिला. दुधाचं बिल तिच्या खात्यावर येतं आणि पैसे पाठवायचं अ‍ॅपही त्याच फोनमध्ये. पोराला पिन माहीत होता, कारण आईला वाचायला अडतं म्हणून पिन त्यानंच टाकून दिला होता. फोनवरच्या गेममध्ये बंदुकीला रंग, अंगाला कपडे, असलं काहीबाही विकत घेता येतं. कधी २९ रुपये, कधी ७९, कधी १५९. तीन महिन्यांत चार हजारांवर गेले. तिला कळलं कुठं? पेंडीच्या दुकानात. दोन पोती रिक्षात टाकून झाली, पैसे द्यायला फोन पुढं केला आणि शिल्लक नाही असं आलं. चार लोकांसमोर पोती खाली उतरवावी लागली.

घरी जे व्हायचं ते झालं. बापानं मारलं. पोरगा दोन दिवस जेवला नाही, गोठ्यात जाऊन झोपला.

"चौदा वर्षांचं पोर आहे, ते खेळणारच," ताई म्हणाली. "पटांगण होतं तिथं घरं झाली. मला असा खेळ पाहिजे ज्याचे पैसे एकदाच द्यायचे. आणि तो सोप्यात टीव्हीसमोर खेळायचा, चुलीपासून मला दिसला पाहिजे. पांघरुणात नाही."

मग कुणी हसलं नाही. पण हो म्हणायलाही कुणाचं मन होईना. आम्ही एक आठवडा मागून घेतला. आम्ही बी.ए. झालेल्या माणसं, तेही इतिहास घेऊन. यंत्रातलं आम्हाला काय कळतं? पण बारा हजार गटाचे आहेत, अकरा जणींच्या बचतीचे आहेत, तेव्हा माहिती काढणं आमच्यावर आलं.

खरं तर आमच्या पिढीला हा डबा अगदीच परका नाही. दिवाळीच्या सुट्टीत पिवळ्या कॅसेटचा व्हिडिओ गेम भाड्यानं मिळायचा, आठवतंय? कॅसेट चालेना की फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. निन्टेंडो या जपानी कंपनीनं १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या त्या नकला होत्या, हे आम्हाला आत्ता कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की भावांचं झालं की आपली पाळी, आणि आपली पाळी आली की लाईट जायची.

आता मिळालेली माहिती सांगतो. बाजारात दोन नावं जास्त ऐकू येतात. एक सोनी कंपनीचं प्लेस्टेशन, दुसरं मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स. प्लेस्टेशनला नंबर असतात. दोन नंबरचं २०००मध्ये आलं, तीन नंबरचं २००६मध्ये, चार नंबरचं २०१३च्या शेवटी आणि पाच नंबरचं २०२०च्या शेवटी. नंबर जेवढा लहान तेवढा डबा जुना आणि तेवढाच स्वस्त. इथंच आपण फसतो. स्वस्त दिसतं म्हणून हात तिकडं जातो.

दोन नंबरचं प्लेस्टेशन जगात पंधरा कोटींच्या वर विकलं गेलं. दुसऱ्या कुठल्याही गेमच्या डब्याची एवढी विक्री झालेली नाही. बाहेरच्या देशांत लोक पुढच्या नंबरवर गेले तरी आपल्याकडं ते बरीच वर्षं चाललं. २००९मध्ये त्याच्यासाठी हनुमानावरचा एक गेम निघाला, आणि कबड्डी, विटीदांडू, पतंग असे आपले खेळ असलेला ‘देसी अड्डा’ही निघाला. ऐकून आम्हाला बरं वाटलं. पण २०१३च्या सुरुवातीला ते बनणं बंद झालं. म्हणजे आज मिळतो तो प्रत्येक डबा दहा वर्षांच्या वरचा. त्यातलं सीडी वाचणारं भिंग थकलेलं असतं आणि चांगल्या सीड्या हुडकाव्या लागतात. कुणी फुकट दिला तर जरूर घ्या. कर्ज काढून घ्यायची ती वस्तू नाही.

एक्सबॉक्स ३६० हा २००५चा. त्याच्या सुरुवातीच्या डब्यांत तीन लाल दिवे लागून यंत्र बंद पडायचं, इतकं की २००७मध्ये कंपनीनं स्वतःच त्या दोषासाठी हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली. नंतरचे डबे सुधारले. पण २०२४च्या जुलैमध्ये त्याचं ऑनलाइन दुकानही बंद झालं. म्हणजे आता त्यावर नवा गेम विकत घेऊन उतरवता येत नाही, मिळतील त्या जुन्या सीड्यांवर भागवायचं. तीन नंबरच्या प्लेस्टेशनलाही आमचं मत तेच. वय झालंय.

उरलं चार नंबरचं. ते आपल्याकडं २०१४च्या जानेवारीत आलं तेव्हा त्याची किंमत ३९,९९० रुपये होती. पाच नंबरचं २०२१च्या फेब्रुवारीत आलं, सीडी लागणारं ४९,९९० रुपयांना. पन्नास हजारांचा विषय आपण इथंच सोडून देऊ. चार नंबरचं जुनं झालंय, पण मेलेलं नाही. फुटबॉलचा जो गेम दर वर्षी नव्यानं निघतो तो २०२५मध्येही चार नंबरसाठी निघाला. क्रिकेटचा एक चांगला गेम २०२३मध्ये निघाला, तोही यावर चालतो. शिवाय याच्या जवळपास सगळ्या सीड्या पाच नंबरच्या सीडीवाल्या डब्यात चालतात, म्हणजे सीड्यांत घातलेला पैसा बुडत नाही. मात्र पोराच्या डोक्यात नवीन जीटीए असेल, ज्याची सगळी पोरं वाट बघतायत, तर तो फक्त पाच नंबरसाठी आणि नव्या एक्सबॉक्ससाठी जाहीर झालाय. हे पोराला आधीच स्वच्छ सांगा. घरी आणल्यावर ‘यात ते नाहीच’ म्हणून तोंड पाडून बसला तर बारा हजार गेले.

आता बघून कसा घ्यायचा ते सांगतो. म्हैस बघायला जाताना आपण काय करतो? मालक म्हणेल बारा लिटर देते, आपण म्हणतो, दोन वेळा समोर पिळून दाखव. दात बघतो, सड बघतो, चालवून बघतो. इथंही तसंच. आम्ही तिघी आणि तो पोरगा जिल्ह्याच्या गावाला गेलो. पहिल्या दुकानात डबा चकचकीत होता, पण दुकानदार म्हणाला, "टीव्ही नाही इथं, घरी जाऊन लावा, चालतोच." आम्ही उठलो. न पिळता म्हैस कोण घेतं?

दुसऱ्या दुकानात टीव्ही होता. तिथं पाऊण तास बसलो. दुकानदार कंटाळला, कंटाळू दे. सीडी आत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. ती ओढून घेताना करकर आवाज येतो का ते ऐकलं. गेम अर्धा तास चालू ठेवला, कारण यंत्र तापल्यावरच त्याचे रोग कळतात. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायला लागला तर आत धूळ साठली आहे. टीव्हीची वायर जिथं खुपसतात ते भोक हलवून बघितलं, चित्र जातं-येतं का. ते ढिलं झालं की दुरुस्ती आलीच. मग रिमोट. त्यावर अंगठ्यानं फिरवायच्या दोन बुटक्या काड्या असतात. हात लावला नसताना खेळातला माणूस आपोआप एका बाजूला चालायला लागला तर काडी गेलेली. हे पोरानं दाखवलं, आम्हाला सुचलं नसतं. शेवटी आधीच्या मालकाचं खातं त्यातून पूर्ण काढायला लावलं आणि डबा नव्यासारखा कोरा करून, इंटरनेटला जोडून, नवं खातं उघडतं का ते तिथंच बघितलं. काही डब्यांना कंपनीनं ऑनलाइन बंदी घातलेली असते, ते असंच कळतं.

एका दुकानात दोनशे गेम आत भरून देतो म्हणाले. कुलूप तोडलेला डबा. ऐकायला गोड वाटतं. पण ते गेम चोरीचे असतात, डबा कंपनीच्या नव्या दुरुस्त्या घेऊ शकत नाही आणि इंटरनेटवर पकडला गेला तर बाद होतो. शिवाय काकू म्हणाल्या ते खरं, "दोनशे गेम दिले तर पोरगं शाळेत कधी जाईल?"

आणखी एक आधी बघा, घरचा टीव्ही. शेजारच्या गावातल्या एका बहिणीनं असाच एक डबा कुणाला न विचारता आणला. घरी टीव्ही जुना, पाठीमागं कुबड असलेला. त्याला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना लागतात आणि डब्याला चपटी एचडीएमआय वायर. चार नंबरच्या प्लेस्टेशनला तर त्या तीन पिनांची सोयच नाही. तिनं मध्ये लावायचं एक यंत्र आणलं, चित्र अंधुक आलं, अक्षरं वाचता येईनात. मग टीव्हीच बदलायचं घरात निघालं. सहा हजारांचा डबा अठरा हजारांवर जायला लागला तेव्हा नवऱ्यानं तो उचलून माळ्यावर टाकला. आजही तिथंच आहे.

आमच्या ताईच्या घरी टीव्ही नवा होता, भावानं दिलेला. आता तिचा हिशेब सांगतो, कारण गटात आम्ही तो फळ्यावर मांडला. चार नंबरचा बारका डबा, २०१६ नंतरचा, एका रिमोटसह. सांगितले चौदा हजार, घासाघीस करून साडेअकरा हजार. दुसरा रिमोट जुना, १,५००. दोन सीड्या, क्रिकेट आणि गाड्यांची शर्यत, मिळून १,२००. व्होल्टेज वरखाली होतं म्हणून त्यापासून वाचवणारा बोर्ड ६००. एकूण १४,८००. म्हणजे डबा साडेअकराचा आणि खर्च पंधराला टेकलेला. वर गटाचं व्याज. शेकडा दोननं बारा हजार, दहा हप्ते, दर महिन्याला मुद्दल १,२००. पहिल्या महिन्याचं व्याज २४० आणि पुढं चोवीस-चोवीसनं कमी. सगळं मिळून व्याज १,३२०. उरलेले २,८०० कुठून आणायचे? आम्ही अट घातली की त्यातले दोन हजार पोरानं कमवायचे. त्यानं मे महिन्यात कांदा काटणीला जाऊन ते आणले. डोळे लाल करून यायचा, असं ताई सांगत होती.

वीजबिलाची भीती घालणारेही भेटले. हा बारका डबा चालू असताना शंभर वॅटच्या आतबाहेर वीज घेतो, म्हणजे दहा तासांना साधारण एक युनिट. टीव्हीचं वेगळं. त्यानं घर बुडत नाही.

खरी काळजी दुसरी. फोनवरून पैसे गेले तसे या डब्यातूनही जाऊ शकतात, कारण यातही ऑनलाइन दुकान आहे. म्हणून पहिल्याच दिवशी खातं आईच्या नावानं उघडलं, पोराचं खातं त्याखाली लहान मुलाचं म्हणून जोडलं. त्यात किती वेळ खेळायचं आणि किती खर्च करायचा याची मर्यादा घालता येते. खर्चाची मर्यादा शून्य ठेवली. कार्ड किंवा बँकेचं काहीच आत घातलं नाही. पासवर्ड ताईच्या लेकीनं वहीत लिहिला आणि वही पिठाच्या डब्यात. फोनवरचा पिन बदलला आणि तो आता ताई स्वतः टाकते. आकडे तिला येतातच, फक्त भीती होती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५मध्ये कायदा करून बंदी आणली आहे, पण गेममधले कपडे-बंदुका विकत घेणं हा वेगळा प्रकार आहे, तो त्या बंदीत धरून निर्धास्त राहू नका.

सीडीच्या खोक्याच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा एक आकडा असतो. ३, ७, १२, १६ किंवा १८. त्या वयाच्या खालच्या मुलांनी तो खेळू नये, असा त्याचा अर्थ. इंग्रजी येत नसलं तरी आकडा सगळ्यांना वाचता येतो. दुकानात पोरगा १८वाली सीडी घेऊन आला होता. ताईनं आकडा बघून ती परत ठेवायला लावली. तिथं तो थोडा रुसला.

काही गेम सीडी असूनही इंटरनेटशिवाय चालत नाहीत, काही सुरुवातीला फोनचा कितीतरी दिवसांचा डेटा एका दमात खातात. घेताना विचारा, "नेट नसताना चालतो का?" आमच्या गावात रेंजसाठी टाकीवर चढावं लागतं, म्हणून आम्ही हे आधी विचारलं.

आता कसं चाललंय? सात हप्ते आले. दोन उशिरा आले, एक दूध कमी झालं म्हणून आणि एक ताईच्या सासूबाईंच्या औषधपाण्यात. दंड तिनं भरला. पहिला महिना पोरगा टीव्हीसमोरून उठत नव्हता, सासूबाईंची मालिका बुडाली म्हणून घरात रोज तंटा. मग वेळ ठरली, संध्याकाळी धारा झाल्यावर एक तास, रविवारी दोन. शेजारची पोरं येऊन बसतात, ओरडतात. फोनवरचा गेम सुटला का? पूर्ण नाही. मित्राच्या फोनवर अजून खेळतो, हे ताईला माहीत आहे. पण तिच्या खात्यातून त्यानंतर एक रुपया गेलेला नाही. पेंडवाल्याची उधारीही फिटली.

मध्ये एकदा डबा अचानक बंद पडायला लागला. सगळ्यांना वाटलं, फसलो. ताईच्या घराला लागून पिठाची गिरणी आहे. उघडून बघितलं तर आत पिठाचा थर. दुरुस्तीवाल्यानं साफ करून दिला, ३०० रुपये घेतले. आता खेळून झालं, तो गार झाला की वरून धुतलेलं फडकं टाकतात. चालू असताना मात्र झाकायचा नाही, गुदमरतो.

दुसरा रिमोट का घ्यायला लावला ते सांगायचं राहिलं. तो आम्हीच अडून बसून घ्यायला लावला. ताईची लेक सहावीत आहे. पहिल्या दिवशी भावानं तिला म्हटलं, "तू बघ." ते शब्द आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकलेत की ठसका लागला. ताई चुलीपासूनच ओरडली, "दोन रिमोट आणलेत ना?" आता क्रिकेटमध्ये पोरगी भावाला हरवते. मागच्या सोमवारी बैठकीला आईसोबत आली तेव्हा काकूंना गुगली म्हणजे काय ते समजावून सांगत होती.

एका गावातून आम्हाला विचारणा झाली की असे तीन-चार डबे घेऊन तासावर खेळायला द्यायचा धंदा करावा का. या घडीला आम्ही नाही म्हणू. रिमोट झिजतात, पोरं शाळा बुडवून येतात, आणि कर्ज गटाचं.

रजिस्टरात काकूंनी कारणाच्या रकान्यात शेवटी ‘मुलांसाठी घरगुती वस्तू’ असं लिहिलं. लेखापरीक्षणाला आलेल्या मॅडमनी त्यावर बोट ठेवून विचारलं, म्हणजे काय? काकू म्हणाल्या, "गेम आहे, मॅडम. हप्ते बघा." मॅडमनी हप्ते बघितले आणि पान उलटलं.

पुढच्या मंगळवारी याच वेळी शेळीच्या विम्याबद्दल बोलू. शेळीच्या कानातला बिल्ला पडला असेल तर त्याआधी लावून घ्या.